प्रोसेसरवर पडलेल्या अक्षता

प्रमोद केळशीकरांचं एक ठाम मत होतं. कुठलीही कंपनी माणसाला यंत्र देते ते अर्धंच देते. उरलेलं अर्धं ती आत कुठेतरी दडवून ठेवते, आणि ज्याच्या डोक्यात थोडी अक्कल आणि हातात एक स्क्रूड्रायव्हर आहे त्याने ते बाहेर काढायचं असतं. हे मत त्यांनी बँकेत कमावलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशी एकही शाखा पाहिली नव्हती, जी एप्रिलमध्ये "एवढं टार्गेट जमणारच नाही" म्हणाली नाही आणि मार्चअखेर तेच टार्गेट पुरं करून बसली नाही. माणसं जर कण्हत कुथत दीडपट काम करतात, तर यंत्रांना काय धाड भरली आहे?

या न्यायाने केळशीकरांच्या कोलकात्यातल्या बालीगंजच्या क्वार्टरमधलं प्रत्येक यंत्र सुधारलेलं होतं. मिक्सर असा फिरायचा की चटणी भांड्यात कमी आणि झाकणाला जास्त सापडायची. पंख्याला पाच वेग होते, त्यातले आता दोनच उरले होते: बंद आणि वादळ. गेल्या महिन्यात त्यांनी मुलीचा, म्हणजे यामिनीचा, लॅपटॉप सुधारला. तेव्हापासून तो उघडत नव्हता. चालू होत नव्हता असं नाही, त्याचं झाकणच उघडत नव्हतं. आत तो उत्तम चालू आहे, असं केळशीकर छातीठोकपणे सांगत, आणि कान लावला तर खरोखरच आतून बारीक घरघर ऐकू येई.

खाली पहिल्या मजल्यावर दत्तात्रय पोंक्षे राहत. त्याच बँकेत, त्याच हुद्द्यावर, आणि यंत्रांच्या बाबतीत बरोबर उलटे. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर दुकानातून आलेला पातळ कागद तसाच होता. केळशीकर त्यांना मनापासून तुच्छ मानत. असल्या माणसाने नुसती पाटी-पेन्सिल वापरावी, असं ते जेवताना आरतीला, म्हणजे बायकोला, नेहमी सांगत.

तर अशा घरात यामिनीची मुलाखत येऊन ठेपली. मुंबईच्या एका विमा कंपनीच्या जोखीम विभागात जागा होती. कुठे काय बिघडू शकतं हे आधी ओळखायचं आणि त्याची तजवीज करून ठेवायची, असं ते काम. साडेतीनशे अर्जांतून तीन जण उरले होते, त्यात ही एक. शेवटची फेरी बुधवारी दुपारी चार वाजता, घरूनच, कॉम्प्युटरवर. मोबाइल चालणार नाही, वेळ बदलून मिळणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. यामिनी ते पत्र दिवसातून पाच वेळा वाचायची. केळशीकरांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आता बावीसची. मराठी बोलता बोलता तिचं वाक्य मध्येच हिंदीला किंवा बंगालीला टेकायचं, पण हुशारी तिन्ही भाषांत पुरेशी होती. ही नोकरी तिला हवी होती, आणि केळशीकरांना तिच्यापेक्षा काकणभर जास्तच हवी होती.

लॅपटॉप मिटलेला, तेव्हा मदार सगळी घरच्या कॉम्प्युटरवर. तो केळशीकरांनी चांदनी बाजारातून एकेक भाग आणून स्वतः जोडला होता, त्याला आठ वर्षं झाली होती. रविवारी यामिनीने मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून बघितला. मैत्रिणीचं म्हणणं पडलं की हिचं चित्र मध्येच थिजतं, आणि थिजतं तेही एक डोळा मिटलेला असताना.

"कंपनीला वाटेल मुलगी डोळा मारतेय," केळशीकर म्हणाले. "काळजी करू नकोस. प्रोसेसर जरा पळवतो."

यामिनीचा चेहरा किंचित उतरला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त वेगाने कामाला लावायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. केळशीकरांनी त्यावरचे सात व्हिडिओ पाहिले आणि बँकेच्या डायरीत आकडे उतरवून घेतले. वेगाचा आकडा छत्तीसवर होता. व्हिडिओतला माणूस बजावून सांगत होता की सदतीस करा, तपासा, मग अडतीस करा, पुन्हा तपासा. केळशीकरांनी डायरीत थेट शेचाळीस लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

बुधवारी त्यांनी रजा टाकली. यामिनी सकाळीच, शांतपणे तयारी करायला मैत्रिणीकडे जाते, साडेतीनपर्यंत येते, म्हणून चांगले कपडे पिशवीत घेऊन बाहेर पडली. केळशीकर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले, तोच आरती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, आज नका हात लावू. आज विश्वकर्मा पूजा आहे."

विश्वकर्मा पूजा म्हणजे कोलकात्यात यंत्रांचा सण. त्या दिवशी कारखाने, गॅरेजं, छापखाने सगळे बंद. हत्यारं धुऊनपुसून देवापुढे ठेवायची आणि दिवसभर त्यांना काम सांगायचं नाही. गच्च्यांवरून पतंग उडतात आणि गल्लोगल्ली लाउडस्पीकर लागतात. आरतीला नऊ वर्षांत हे सगळं मनापासून पटलं होतं. आपल्याकडे खंडेनवमीला करतो तेच इथले लोक जरा आधी करतात, असा तिने हिशेब बसवला होता. त्यामुळे ती दोन्ही वेळा करायची. पूजा इथल्या तिथीला आणि पद्धत आपली: हळद, कुंकू, अक्षता, एक झेंडूचं फूल.

केळशीकर म्हणाले की आज यंत्राचा सण आहे तर यंत्राला बढती द्यायला याहून चांगला दिवस कुठला. ती मान हलवत आत गेली. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, आतल्या सेटिंगमध्ये शिरले, छत्तीसचे शेचाळीस केले, वीजही व्हिडिओत सांगितली त्याहून जराशी वाढवून दिली आणि सेव्हचं बटण दाबलं. प्रोसेसर आता पळणार, त्याला घाम येणार, वारा लागायला हवा, म्हणून कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडीच ठेवली. पुढे काय होतं ते बघत बसायची त्यांना गरज वाटली नाही. ते शीळ घालत आंघोळीला गेले.

आंघोळीहून आले तेव्हा पडदा काळा होता. कॅबिनेटमधला पंखा गर्रकन फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा, पुन्हा थांबायचा. केळशीकरांनी चष्मा पुसला आणि आत वाकून पाहिलं. आतल्या हिरव्या पाटीवर हळद होती, कुंकू होतं आणि जागोजागी अक्षता होत्या. पंख्याच्या डोक्यावर झेंडूचं एक फूल हेलकावे खात बसलं होतं.

"आरती!"

ती हात पुसत आली. मिक्सरची पूजा झाली, फ्रिजची झाली, इस्त्रीची झाली, आणि हा तर आयता उघडाच दिसला, म्हणून आतूनच केली, असं तिने सांगितलं. बाहेरून केली असती तर पत्र्यालाच पोचली असती, यंत्राला नाही.

केळशीकरांनी एक दीर्घ श्वास घेतला. खरं सांगायचं तर त्यांना मनातून हायसं वाटलं. कारण सापडलं होतं आणि ते शेचाळीस नव्हतं. अगदी शांत आवाजात त्यांनी आरतीला समजावून सांगितलं की प्रोसेसरमधून वीज वाहते, तांदळाचा दाणा मध्ये आला की वीज अडते, आणि वीज अडली की हे असं होतं. यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

आरतीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे यामूची मुलाखत..."

"होईल. मी आहे ना."

मग केळशीकर आरतीचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन कामाला लागले. एकेक अक्षता उचलायची आणि वाटीत टाकायची. कुंकवासाठी रंगकामाचा ब्रश आणि हळदीसाठी यामिनीचा हेअर ड्रायर वापरला. ड्रायरने हळद गेली नाही, फक्त पाटीवरून उडून केळशीकरांच्या कपाळावर बसली. तासाभराने वाटीत एकोणीस अक्षता जमल्या. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. पंखा फिरला, थांबला, फिरला.

"एखादी आत राहिली असणार," ते म्हणाले. "तू किती टाकल्या होत्यास?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे नक्की किती?"

तिला सांगता येईना. तेव्हा केळशीकरांनी तिला तांदळाच्या डब्यापाशी बसवलं आणि सकाळच्याच हाताने, सकाळच्याच भक्तिभावाने चिमूट घ्यायला लावली. तेवीस दाणे भरले. पुन्हा घ्यायला लावली, तर पुन्हा तेवीस. पंचवीस वर्षं रोज देवपूजा करणाऱ्या बाईची चिमूट होती ती, चुकणार कशाला?

"चार कमी आहेत," केळशीकर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाला ऑडिटची धार आली.

त्या चार दाण्यांसाठी पुढचा दीड तास गेला. त्यांनी कॅबिनेट उताणं केलं, पालथं केलं, हलवलं, कानाशी धरून वाजवून पाहिलं. आतून खुळखुळ आवाज आला, पण तो एका स्क्रूचा निघाला, आणि तो कुठला ते त्यांना आठवेना. आरती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. शेवटी ती हळूच म्हणाली की खाली पोंक्षेभावजींचा लॅपटॉप आहे, मागून आणू का?

"दत्तात्रयकडून? अगं, तो लॅपटॉप वापरत नाही, सांभाळतो. त्याच्याकडे मागायला जाण्यापेक्षा मी मुंबईला जाऊन पॅनेलची माफी मागून येईन."

एक वाजला होता. माफी मागायला मुंबईला पोचायचं तरी विमान लागलं असतं, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या निमाईदांना फोन लावला. निमाईदा कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. फोनवर आधी ढोल ऐकू आला, मग निमाईदा.

"आज होबे ना, दादा," ते प्रेमाने म्हणाले. आज होणार नाही. सगळी हत्यारं देवापुढे ठेवली आहेत, आज त्यांना हात लावायचा नाही. उद्या सकाळी दहा वाजता पहिलं काम तुमचंच. आणि आज दुपारी मांडवात खिचडीचा प्रसाद आहे, वहिनींना घेऊन या. केळशीकरांनी आणखी तीन ठिकाणी फोन लावले. तिन्हीकडून हेच उत्तर आलं आणि प्रसादाची तीन आमंत्रणं पदरात पडली.

फोनवर माणूस नाही म्हणतो, समोर उभं राहिलं की त्याला नाही म्हणता येत नाही, हे केळशीकरांचं बँकेतलं दुसरं मत. त्यांनी कॅबिनेट कडेवर घेतलं. जिना उतरताना पोंक्ष्यांच्या दारावरून ते चवड्यांवर, श्वास रोखून गेले. खाली रिक्षावाल्याने रिक्षाला हार घातला होता आणि तो शेजारी बसून विडी ओढत होता. आज रिक्षालाही सुट्टी. केळशीकर चालत निघाले. सप्टेंबरचं ऊन, वर आकाशभर पतंग, कडेवर सात किलोचा कॉम्प्युटर आणि कपाळाला हळद. वाटेत दोन अनोळखी माणसांनी त्यांना नमस्कार केला.

स्टेशनजवळ मेकॅनिक मंडळींचा मांडव होता. विश्वकर्म्याची मूर्ती, तिच्या पायाशी पाने, पक्कडी, ड्रिल यांचा ढीग, आणि भोवती दहा-बारा मेकॅनिक नव्या शर्टात. पुरोहिताने मान वर केली तर समोर एक घामाघूम भक्त, कडेवर यंत्र, यंत्रात आधीपासूनच हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. ते फूल केळशीकरांनी काढलंच नव्हतं, तांदळाच्या नादात राहूनच गेलं होतं. इतक्या लांबून पूजेला आणलेलं यंत्र पाहून पुरोहित गहिवरला. केळशीकर तोंड उघडेपर्यंत त्याने कॅबिनेट मूर्तीपुढे मांडायला लावलं, त्यावर शेंदराचं बोट ओढलं आणि गंगाजलाचा तांब्या उचलला.

"नाही, पाणी नाही!" केळशीकर मराठीत ओरडले आणि कॅबिनेटवर पालथे पडले. गंगाजल सगळं त्यांच्या पाठीवर पडलं. मेकॅनिकांना ही भक्ती इतकी भावली की त्यांनी शंख वाजवला. पाठ निथळत केळशीकर उठले, तोवर पुरोहिताने दूर्वा आणि ओंजळभर धान उघड्या झडपेतून आत सोडलेलं होतं. आत चार दाणे आहेत की नाहीत, हा प्रश्न आता कायमचा मिटला.

त्याच क्षणी फोन वाजला. यामिनी होती.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"कॉम्प्युटरसमोर," केळशीकर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

"मग एवढा शंख का वाजतोय?"

"खिडकी उघडी आहे. तू टेन्शन घेऊ नकोस, सगळं फर्स्टक्लास चाललंय."

"हो बाबा. तुम्ही पण नाही घ्यायचं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच थोडा फिस्कटल्यासारखा झाला. पोर घाबरली आहे, असं केळशीकरांना वाटलं. आतापर्यंत त्यांना फक्त यंत्र दिसत होतं. आता एकदम ती दिसली, चांगले कपडे घालून साडेतीनला दारात उभी असलेली, आणि आपण तिला काळा पडदा दाखवतोय.

निमाईदा प्रसादाचा द्रोण घेऊन जवळ आले. पन्नाशीचा शांत माणूस, हातात खिचडी, डोळे कॅबिनेटमध्ये. त्यांनी हाताने कशालाच स्पर्श केला नाही, फक्त विचारलं की झालं काय. केळशीकरांनी अक्षतांची हकिकत पहिल्यापासून सांगितली. एकोणीस, तेवीस, बाकी चार.

निमाईदांनी खिचडीचा घास गिळला. "दादा, चावल से पंखा अटक सकता है. मशीन ऐसे चालू-बंद, चालू-बंद नहीं होती. अंदर स्पीड बढ़ाया था क्या?"

केळशीकरांनी मूर्तीकडे पाहिलं. दहा-बारा मेकॅनिक त्यांच्याकडे पाहत होते. बँकेच्या तपासणीतही त्यांना इतकं कोंडीत पकडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

"थोड़ा सा," ते म्हणाले.

"कितना?"

"छत्तीस का छियालीस."

मांडवातल्या एकाने हात जोडले. निमाईदांनी मात्र आवाज चढवला नाही. वर्षाला अशी पंधरा-वीस माणसं येतात, ते म्हणाले. कुणी सांगतं मुलाने केलं, कुणी मांजराने केलं, कुणी सांगतं उंदीर शिरला होता. बायकोचं नाव सांगणारे सगळ्यात जास्त. आजवर एकानेही पहिल्या झटक्यात स्वतःचं नाव घेतलेलं नाही.

केळशीकरांना तांदळाच्या डब्यापाशी बसून चिमूट घेणारी आरती आठवली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. त्यांनी विचारलं की आता उपाय काय, आणि आज तर हत्याराला हात लावता येत नाही.

"हत्यार किसने माँगा? नाखून है ना?" निमाईदा म्हणाले. त्यांनी हनुवटीने पाटीवरची नाण्याएवढी गोल बॅटरी दाखवली. ती नखाने उचकटून काढायची. वेगाचे आकडे या बॅटरीच्या जिवावर लक्षात राहतात. ती निघाली की यंत्र सगळं विसरतं, शेचाळीससुद्धा, आणि पहिल्यासारखं होतं. पाच मिनिटं थांबायचं आणि परत बसवायची. नख देवाने दिलेलं असतं, ते हत्यारांत मोडत नाही, असा निर्वाळा पुरोहितानेही दिला.

बॅटरी निघाली. पाच मिनिटं खिचडी खाण्यात गेली, कारण ती नाकारण्याची सोय नव्हती. दोन मेकॅनिकांनी कॅबिनेट तिरकं धरून धान-दूर्वा झटकून दिल्या, फुंकर मारून उरलंसुरलं उडवलं. केळशीकर बॅटरी जागेवर बसवून घराकडे अक्षरशः धावले.

तीन वाजून दहा मिनिटांनी ते दारात पोचले. आरती देवघरासमोर बसली होती. त्यांनी तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, फिरत राहिला, आणि पडद्यावर उजेड आला. आरतीने डोळे मिटून हात जोडले.

"निघाल्या वाटतं सगळ्या अक्षता," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण केळशीकर म्हणाले, "अक्षतांचा काही संबंध नव्हता. मीच आकडा नको तितका चढवला होता. तू पूजा करायच्या आधीच तो बंद पडला असणार, मी बघितलंच नाही."

आरतीने डोळे पुसले. "मग मला तासभर तांदूळ मोजायला का बसवलंत?"

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. आत जाऊन एकच ताट वाढून घेतलं आणि सकाळपासूनचं जेवण शांतपणे जेवायला बसली.

केळशीकरांनी मुलाखतीची लिंक उघडली, तर ती उघडेना. पडद्यावर यायचं की ही साइट सुरक्षित नाही. पुन्हा घाम फुटला. दहा मिनिटं धडपडल्यावर कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. बॅटरी काढल्यावर यंत्र सगळं विसरतं म्हणजे खरोखरच सगळं विसरलं होतं. त्याच्या मते आज एक जानेवारी दोन हजार सोळा होता आणि मुलाखतीला अजून जवळजवळ दहा वर्षं अवकाश होता. त्यांनी तारीख सुधारली, वेळ लावली, आणि तीन वाजून चाळीस मिनिटांनी लिंक उघडली. कॅमेरा चालू, आवाज चालू. चित्र निदान अजून थिजलं नव्हतं. पहिल्याच वेगाने चालत होतं, पण केळशीकरांना ते स्पष्टपणे जास्त वेगवान वाटलं. त्यांनी खुर्ची पुसली, पाण्याचा पेला ठेवला आणि विजयी मुद्रेने यामिनीला फोन केला.

"ये बेटा, सगळं तयार आहे."

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "मी दत्ताकाकांकडे आहे. खालीच. त्यांच्या लॅपटॉपवर लॉगिन करून बसलेय. आता बोलता येणार नाही, ठेवते."

केळशीकर त्या पुसलेल्या खुर्चीत स्वतःच बसले. समोर पडद्यावर त्यांचाच चेहरा दिसत होता, कपाळाला हळद, डोळे दोन्ही उघडे. चार वाजले, साडेचार वाजले. त्यांनी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन कान दिला. एकदा खालून मोठ्याने हसण्याचा आवाज आला आणि मुलाखतीत कुणी हसावं असं काय आहे हे त्यांना समजेना.

पाच वाजता यामिनी वर आली. मागे पोंक्षे, छातीशी लॅपटॉप, पडद्यावर तो पातळ कागद तसाच.

"कंपनीने विचारलं कधी जॉइन होऊ शकता," ती म्हणाली, आणि आरतीने तिला मिठीच मारली. केळशीकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग ते म्हणाले की छान झालं, पण घरचा कॉम्प्युटर तयार असताना खाली कशाला गेलीस?

यामिनीने सांगितलं. मुलाखत चांगली चालली होती, मग शेवटी पॅनेलच्या प्रमुखांनी विचारलं, तुम्ही स्वतःच्या आयुष्यात एखादी जोखीम आधीच ओळखून तजवीज केल्याचं उदाहरण द्या. खरंखुरं, पुस्तकातलं नको.

"मग मी त्यांना तुमचं सांगून टाकलं, बाबा. रविवारी तुम्ही व्हिडिओ बघून डायरीत लिहीत होतात ते. लगेच खाली जाऊन मी दत्ताकाकांचा लॅपटॉप बुक केला, त्यांनी आजची रजा पण टाकली. आणि आज दुपारी तुम्ही चवड्यांवर चालत कॉम्प्युटर घेऊन गेलात, ते मी काकांच्या दाराच्या भोकातून बघितलं, ते पण सांगितलं. सगळे इतके हसले, एक मॅडम तर कॅमेऱ्यातून बाहेर गेल्या."

पोंक्षे छताकडे बघत होते. केळशीकरांनी मान ताठ ठेवली. "म्हणजे नोकरी माझ्यामुळे मिळाली असंच म्हणायचं."

"थोडी. मग त्यांनी विचारलं, बाबांच्या हातून बिघाड होण्याची शक्यता तू किती धरली होतीस?"

"किती?"

"शंभर टक्के."

आता मात्र केळशीकरांना राहवेना. अपमान एकवेळ गिळता येतो, पण चुकीची व्याख्या नाही. तीस वर्षं बँकेत घालवलेला माणूस होता तो.

"चूक," ते बोट उंचावून म्हणाले. "साफ चूक. शंभर टक्के शक्यता असली तर तिला जोखीम म्हणतच नाहीत. जे होणारच आहे त्याचा विमा कुठलीही कंपनी उतरवत नाही."

"हो बाबा," यामिनी म्हणाली. "तेही अगदी हेच म्हणाले."